चढावरचे पेरू

जामनेर तालुक्यातल्या हिंगणबर्डीचं स्टेशन गावात नाही. गावापासून चांगलं कोसभर लांब, उघड्या माळावर आहे. कापसाच्या गाठी बैलगाड्यांनी तिथवर आणणं सोपं पडावं म्हणून साहेबांच्या काळात कंपनीने ते तिथे बांधलं, असं म्हातारे सांगत. नाल्यातला काळा दगड, वर मंगलोरी कौलं, सागाचे खांब, तिकिटाची अर्धगोल खिडकी आणि बाजूला मालधक्का. रूळ म्हणजे छोट्या लायनीचे, दोन हातांत मावतील एवढ्या अंतराचे. त्यावरून दिवसातून दोनदा खेळण्यातली वाटावी अशी गाडी यायची आणि मोठ्या लायनीच्या जंक्शनला जायची.

कोरोनात ती गाडी थांबली ती थांबलीच. मधली चार वर्षं स्टेशनात शेळ्या बसल्या, पत्त्यांचे डाव रंगले, दोन दारं चोरीला गेली. मग एक दिवस बातमी आली, की आपलं स्टेशन वारसा यादीत गेलं. आता त्याचा दगड कोणाला हलवता येणार नाही. गावाला आनंद झाला. एका बाईला झाला नाही. तिचं नाव कोकिळाबाई. गावात तिला सगळे स्टेशनवाली अक्का म्हणतात.

अक्का मूळची इकडची नाही. तिचं माहेर शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. बाप कोरडवाहू शेती करायचा. लग्न झालं तेव्हा ती अठराची असेल. बसने धुळे, तिथून जंक्शन आणि जंक्शनवरून ही छोटी गाडी, असा तिचा सासरचा प्रवास झाला. नवरा ज्ञानेश्वर रेल्वेत काटेवाला होता. गाडी आली की काटा बदलायचा, सिग्नलचा कंदील लावायचा, मालधक्क्यावरचा माल बघायचा. त्याचा बाप सुपडू आबा त्याच लायनीवर गँगमन म्हणून राबून घरी बसला होता. आबाला गाडीचा फार अभिमान. बहात्तरच्या दुष्काळात याच गाडीने पाण्याच्या टाक्या आणल्या आणि अख्ख्या गावाने स्टेशनात रांगा लावल्या, हे तो दर चार दिवसांनी सुनेला सांगायचा.

"गाडी नसती तं गाव उठलं असतं पोरी," तो म्हणायचा.

नवराबायको स्टेशनमागच्या क्वार्टरमध्ये राहत. एक खोली, एक पडवी, दारात निंब. कोकिळेला सुरुवातीला तिथे भीती वाटायची. माहेरी डोंगर पाठीशी असायचा. इथे चहूकडे नुसता सपाट माळ आणि दुपारी उन्हात थरथरणारे रूळ. तिच्या अहिराणीला इथल्या बायका हसायच्या. ज्ञानेश्वर मात्र हसला नाही. त्याने तिची बोली शिकायला घेतली आणि इतकी वाईट बोलला, की तीच हसायला लागली. संध्याकाळची गाडी गेली की तो पडवीत बसून तिला विचारायचा, "आते काय करानं?" आणि ती म्हणायची, "आते जेवानं." एवढंच बोलणं, पण ते रोज व्हायचं.

त्यांना आधी मुलगी झाली, शीतल. मग चार-पाच वर्षांनी मुलगा, जगदीश.

जगदीश चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. श्रावण चालू होता. दोन दिवस झड लागली होती, आणि गावाकडून येणारा नाला भरून वाहत होता. जीप, ट्रॅक्टर सगळं पलीकडे अडकलेलं. शीतल शाळेच्या निमित्ताने नाल्यापलीकडे आजीकडे राहिली होती. ज्ञानेश्वर सकाळी मालधक्क्यावर खताची पोती हलवत होता. खालच्या पोत्याआड नाग होता. त्याने हात घातला आणि नाग डसला.

तो स्वतः चालत क्वार्टरपर्यंत आला. दारात बसला आणि म्हणाला, "कोकिळा, घाबरू नको. मले पान लागलं."

तिने पदराची चिंधी फाडून मनगटाच्या वर बांधली आणि स्टेशनमास्तरांकडे धावली. सुपडू आबा त्या दिवशी स्टेशनातच होता. पावसामुळे तोही अडकला होता. तो म्हणाला, शेजारच्या तांड्यावर भगत आहे, रुळाच्या कडेने अर्ध्या तासाची वाट, पोराला खांद्यावर घालून नेऊ. भगताने आजवर पुष्कळांचं विष उतरवलं आहे.

"नई आबा," कोकिळा म्हणाली. "दवाखानामा लई चला. सुई देतीन."

"कशानं नेशील दवाखान्यात? नाला भरला ना!"

"गाडीवर."

सकाळची गाडी यायच्या बेतात होती. मास्तर भला माणूस. त्यांनी कोकिळेची बाजू घेतली. पुढच्या सगळ्या स्टेशनांना फोन लावून कळवलं, की माणूस अत्यवस्थ आहे, गाडी कुठे थांबवू नका. जंक्शनच्या दवाखान्यात सापावरची सुई होती. गाडी आली. चुडामण नावाचे गार्ड होते. त्यांनी आपला डबा मोकळा करून दिला, खाली घोंगडी अंथरली. चौघांनी ज्ञानेश्वरला उचलून आत ठेवलं. कोकिळा चढली तेव्हा जगदीश तिच्या लुगड्याला लोंबकळून ओरडत होता. त्याला सोडवत बसायला वेळ नव्हता. तिने त्यालाही वर ओढलं. आबा फलाटावर उभा राहिला. गाडी निघाली तरी त्याने वर पाहिलं नाही.

त्या गाडीची एक ख्याती होती, आणि ती आजही लोक हसत हसत सांगतात. ती इतकी हळू चालायची, की माणूस उतरून, आडोशाला जाऊन, पळत येऊन पुन्हा चढायचा. जंक्शनच्या अलीकडे एक लांबलचक चढ आहे. त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा पेरूच्या बागा होत्या. चढावर गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने जायची. पोरंसोरं, कधी कधी मोठी माणसंही उतरायची, कुंपणातून हात घालून पेरू तोडायची आणि पुढच्या डब्यातून उतरलेला मागच्या डब्यात चढायचा.

चढाच्या पायथ्याशी गाडी पोहोचली तेव्हा ज्ञानेश्वरची जीभ जड झाली होती. पापण्या खाली येत होत्या. तो त्या उघडायचा प्रयत्न करायचा आणि त्या पुन्हा मिटायच्या. त्याचं डोकं कोकिळेच्या मांडीवर होतं, पाय चुडामण गार्डांच्या. चुडामण त्याचे तळवे चोळत होते आणि "ज्ञानेश्वर, झोपू नको रे, माझ्याशी बोल," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते.

चढावर रूळ ओले होते. इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. ड्रायव्हरचा साथीदार खाली उतरून रुळांवर राख टाकत पुढे चालला. गाडी हातभर सरकायची आणि थांबायची, पुन्हा हातभर सरकायची. पाऊस उघडला होता. पुढच्या डब्यातल्या बहुतेकांना मागे काय चाललंय ते ठाऊकही नव्हतं. गाडी अशी रखडली म्हटल्यावर ते नेहमीसारखे उतरले. कोकिळेला गार्डाच्या डब्याच्या उघड्या दारातून ते दिसत होते. धोतर वर खोचलेला एक माणूस कुंपणाशी वाकला होता. दोन पोरं एकमेकांना पेरू फेकून मारत होती. कोणीतरी मोठ्याने हसलं.

ती ओरडणार होती. पण ओरडून काय सांगणार? ते लोक काही गाडी अडवून बसले नव्हते.

जगदीश दाराशी बसला होता. रडून रडून दमला होता. तो धोतरवाला माणूस गाडीच्या बाजूने चालत आला, पोराचं रडकं तोंड बघून हसला आणि त्याच्या हातात एक मोठा पिकलेला पेरू ठेवून पुढे गेला. आत त्याने पाहिलंच नाही. जगदीश रडायचा थांबला. दोन्ही हातांत पेरू धरून खाऊ लागला.

चढ संपायच्या आधी ज्ञानेश्वरचा श्वास संपला. ते कोकिळेला आधी कळलं. गार्ड अजून तळवे चोळत होते. तिने त्यांचा हात धरून थांबवला.

जंक्शनवर डॉक्टर फलाटावर येऊन थांबले होते. सुई तयार होती.

तेराव्याला सुपडू आबा सगळ्यांसमोर म्हणाला, "भगताकडं नेला असता तं वाचला असता. हिनं गाडीत घालून मारला माझा पोरगा." कोणी त्याला थांबवलं नाही. सासूने तोंड फिरवलं. पुढे रेल्वेने नवऱ्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी देऊ केली, तेव्हा सासरच्यांनी धाकट्या दिराचं नाव पुढे केलं. मास्तरांनी कोकिळेला बसवून विचारलं, तुला हवी का? ती म्हणाली, हवी. त्या दिवसापासून सासरचं दार बंद झालं.

तिला त्याच स्टेशनात नेमलं. पाणी भरायचं, झाडलोट करायची, गाडी आली की उतारूंना पाणी द्यायचं. दुसरीकडे बदली मागता आली असती, पण दुसरीकडे क्वार्टर मिळेल याची खात्री नव्हती, आणि पदरात दोन पोरं होती. म्हणून रोज सकाळी ती गाडी यायची आणि अक्का बादली-पेला घेऊन फलाटावर उभी राहायची. गार्डाच्या डब्याकडे मात्र ती कधी पाणी घेऊन गेली नाही. तिथे दुसरं कोणीतरी जायचं. चुडामण गार्डांची पुढच्याच वर्षी दुसऱ्या लायनीवर बदली झाली.

एकदा शीतलने तिला विचारलं होतं, तुला या गाडीचा राग नाही येत? अक्का म्हणाली, "राग येऊन काय करू? तिच्यावरच तं पोट शे."

मुलांनी बापाविषयी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, तो मालधक्क्यावरच गेला, जागच्या जागी, काही त्रास झाला नाही. तिला वाटलं, हे सांगितलं की गोष्ट संपते. गाडी, भगत, आबाचं बोलणं, यातलं काहीच पोरांच्या कानावर जायला नको. नाहीतर पुढे मोठी होऊन पोरंही आपल्याला विचारतील, की तू भगताकडे का नेलं नाहीस. गावात लोक नुसतं 'पान लागून गेला' एवढंच म्हणत, आणि गावात त्यांचं जाणंयेणंही उरलं नव्हतं. त्यामुळे ते खपून गेलं.

जगदीश सातवीत-आठवीत असेल. एक दिवस पडवीत मित्रांना सांगत होता, "मी लहान असताना गाडीत बसलो व्हतो, तं एका धोतरवाल्या बाबानं चढावर उतरून मले पेरू तोडून दिला. एवढा मोठा! तसा गोड पेरू पुन्हा नाही खाल्ला." अक्का आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. बाहेर जाऊन सांगावं असं एकदा वाटलं. मग तिने भाकरी तव्यावर टाकली. पोराला त्या दिवसातलं तेवढंच आठवत होतं, आणि जे आठवत होतं ते गोड होतं. ते आपण कशाला नासवायचं?

पुढे त्याने ती आठवण लग्नात मेहुण्यांना सांगितली, मग स्वतःच्या मुलीला सांगायला लागला. दर वेळी अक्काला काहीतरी काम निघायचं. ती उठून जायची.

मुलं मार्गी लागली. शीतल लग्न होऊन धुळ्याला देवपुरात गेली. जगदीश शिरपूरला सूतगिरणीत फिटर झाला. आईच्या माहेराजवळ राहतो म्हणून अक्काला बरं वाटायचं. गाडी बंद झाल्यावर अक्काची बदली जंक्शनला झाली. शेवटची चार वर्षं तिने एसटीने ये-जा करून काढली, मग ती निवृत्त झाली आणि हिंगणबर्डी गावात दोन खोल्या घेऊन राहू लागली. सासू-सासरे तोवर वारले होते. स्टेशनाकडे ती कधी फिरकत नसे.

आणि मग ते वारसा यादीचं निघालं.

जळगावचा जितेंद्र नावाचा एक तरुण या कामात होता. कॉलेजात इतिहास शिकवायचा. माणूस मनापासून राबणारा. सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन भिंतींवरचा चुना खरडायचा. वेटिंग रूममध्ये छोटं संग्रहालय करायचं त्याने ठरवलं होतं, आणि जुन्या लोकांच्या आठवणी गोळा करत तो अक्काकडे आला. अक्काने त्याला चहा दिला. पाण्याचे रांजण कुठे असत, घंटा कोण वाजवायचं, कापसाच्या हंगामात मालधक्क्यावर किती गर्दी असे, हे सगळं सांगितलं. नवऱ्याविषयी विचारलं तेव्हा म्हणाली, "काटेवाला व्हता. पान लागून वारला." त्याने पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेला तो भिंतीवर लावायचा मजकूर घेऊन आला. अक्का चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवत ठेवत तिने वाचलं. शेवटी लिहिलं होतं, की ही गाडी इतकी निवांत चाले की प्रवासी चढावर उतरून पेरू तोडत आणि पुन्हा गाडी पकडत.

"भाऊ, हाई नका लिहू," ती म्हणाली.

"का अक्का? ही तर सगळ्यांची आवडती आठवण. ज्याला भेटतो तो हेच सांगतो."

"असंच. नका लिहू."

ती आणखी काही बोलेल म्हणून त्याने वाट पाहिली. ती कपबशा उचलून आत गेली. त्याला वाटलं, म्हातारीला रेल्वेची बदनामी वाटत असेल. मजकूर तसाच राहिला.

पौषात कार्यक्रम झाला. स्टेशनाला रंग दिलेला, खांबांना झेंडूच्या माळा, फलाटावर मंडप. जुन्या कर्मचाऱ्यांचा सत्कार होता, म्हणून अक्काला पुढच्या रांगेत बसवलं होतं. आईचा सत्कार म्हणून जगदीश बायको-मुलीला घेऊन शिरपूरहून आला होता. नवा शर्ट घातला होता त्याने. चुडामण गार्डांनाही शोधून आणलं होतं. ऐंशीच्या पुढे गेलेले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आलेले.

अध्यक्षांनी भाषणात पेरूंचा किस्सा सांगितला. मंडप हसला. मग जितेंद्र म्हणाला, अजून कोणाच्या आठवणी असतील तर या, माईकवर सांगा. दोघे-तिघे बोलून गेले. आणि अक्काच्या बाजूची खुर्ची सरकली. जगदीश उठला होता.

तिने त्याच्या बाहीला धरलं. तो हसून म्हणाला, "थांब ना आई, सांगतो," आणि पुढे गेला.

त्याने ती आठवण सांगितली. चांगली सांगितली. धोतरवाला बाबा, दोन्ही हातांत न मावणारा पेरू, अंगावर सांडलेला रस. "माझा जन्म या स्टेशनातला," तो म्हणाला, "माझे वडील इथंच गेले. मले त्यांचा चेहरा आठवत नाही. पण या गाडीनं मले तो पेरू दिला. माझ्या बालपणाची तेवढीच गोड गोष्ट." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का मांडीवरच्या शाल-श्रीफळाकडे बघत राहिली.

जेवणाच्या वेळी फलाटावर पंगत बसली होती. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढत होते. चुडामण गार्ड काठी टेकत जगदीशकडे आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

"पोरा, तुला तो पेरू आठवतो! मला वाटलं होतं तू विसरला असशील. एवढासा होतास. तू दारात बसून खात होतास आणि इकडं तुझ्या बापाचे पाय माझ्या मांडीवर. मी चोळतोय, चोळतोय... चढ काही सरेना रे. आजही झोपेत मला ती चाकं फिरताना ऐकू येतात."

जगदीशला आधी कळेना. "कोणाचे पाय?" त्याने विचारलं.

"तुझ्या बापाचे. ज्ञानेश्वरचे. त्याच गाडीत गेला ना तो."

म्हातारा चांगल्या मनाने बोलला होता. पोराला हे ठाऊक नसेल असं त्याच्या मनातही नव्हतं. जगदीशच्या चेहऱ्याकडे पाहून तो नातवाला शोधू लागला.

जगदीश आईकडे आला. ती पंगतीत बसलेली होती. तो उभाच राहिला.

"बाप गाडीत मेला?"

अक्काने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "हो."

"त्याच दिवशी? मी पेरू खात व्हतो तेव्हा?"

"हो."

"आणि तू मले आजपर्यंत..." त्याचा आवाज चढला, तशी पंगत वळून बघू लागली. "मी साऱ्या जगाले सांगत फिरलो आई! माझ्या पोरीले सांगितलं! आता माईकवर सांगून आलो. लोक टाळ्या वाजवत व्हते, आणि तू बसून ऐकत व्हती?"

इतक्या वर्षांत हे कधी सांगायची वेळ आलीच तर काय बोलायचं, ते अक्काने मनात पुष्कळदा जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. ती एवढंच म्हणाली, "तू लहान व्हता रे."

"मी पस्तीस वर्षांचा आहे," तो म्हणाला.

तो बायको-मुलीला घेऊन तसाच निघाला. नात मोटारसायकलवरून आजीकडे बघत हात हलवत होती. तिला वाटलं, आजी उद्या शिरपूरला येणारच आहे, तसं ठरलं होतं.

आठवड्याभराने जितेंद्र अक्काच्या दारात आला. त्याला चुडामणांकडून सगळं कळलं होतं. तो बसलाच नाही. म्हणाला, "अक्का, मी तो मजकूर काढून टाकतो. आजच काढतो. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

आता अक्काच्या तोंडून तिची स्वतःची बोली आली. "राहू द्या, भाऊ. लोकेस्नी पेरू खादात. खोटं नई शे ते. मन्हा मालक बी त्याच गाडीमा गया, ते बी खोटं नई."

"मग तेही लिहू का?"

"नको. ते तुम्ही लिहानं नई."

तो गेला. मजकूर अजून तिथेच आहे. शाळेची मुलं सहलीला येतात, वाचतात आणि हसतात.

जगदीशने फोन उचलणं सोडलं. सून उचलायची, म्हणायची, कामावर आहेत, सांगते. अक्का शिरपूरला जाऊन आली. तो गिरणीतून उशिरा आला, जेवला, आईला नमस्कार केला आणि झोपला. सकाळी ती उठायच्या आत निघून गेला. बोलला एक शब्द नाही. अक्का एसटीत बसली तेव्हा तिला वाटलं, आबाने ओरडून आरोप केला होता तो सहन झाला होता. हे गप्प राहणं सहन होत नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. ज्ञानेश्वरची घागर दरवर्षी जगदीश भरायचा. या वर्षी शीतल एकटीच आली. भावाची वाट पाहत सकाळ गेली. पुरण वाटून झालं, आमरस झाला. शेवटी शीतल म्हणाली, "आई, मी भरते."

घागर भरताना अक्काने लेकीला सगळं सांगितलं. शीतलने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. तेव्हा मी आजीकडे होते ना. आजी आणि आबा बोलायचे. मी ऐकलं होतं."

"मंग माले काबर नई सांगं?"

"तू सांगत नव्हतीस. मला वाटलं, तुला बोलायचं नसेल."

दोघी घागरीपाशी बसून राहिल्या. नैवेद्याचं ताट वाढलेलं होतं, पण कोणाला उठावंसं वाटेना. तेवढ्यात शीतलचा फोन वाजला. जगदीशचा होता. "घागर भरली का?" त्याने विचारलं. शीतल म्हणाली, भरली. मग तो "आईला दे," म्हणाला.

अक्काने फोन कानाला लावला.

"आई, एकच विचारतो. बाप मले बघत व्हता का? मी खात व्हतो तेव्हा?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर पोराला बरं वाटलं असतं, हेही तिला कळत होतं.

"नई रे भाऊ," ती म्हणाली. "त्यान्हा डोया मिटेल व्हतात."

तिला वाटलं, त्याने फोन ठेवला. पण मागे गिरणीच्या यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"आणि त्याआधी?" तो म्हणाला.

"त्याआधी बोलत व्हता. दारमा बसना आणि माले म्हणे, घाबरू नको."

"बरं," जगदीश म्हणाला. "पुढं सांग."

ती भिंतीला टेकून बसली आणि सांगू लागली. नाला, आबा, मास्तर, घोंगडी, ओले रूळ, राख. शीतलने ताटावर झाकण ठेवलं.

जगदीश अजून हिंगणबर्डीला आलेला नाही. स्टेशन बघवणार नाही, म्हणतो. आईने शिरपूरला राहायला यावं असं त्याने एकदा बायकोकडून सुचवलं. अक्का अजून गेलेली नाही. फोन मात्र करतो. थोडं बोलतो, जास्त गप्प असतो. त्याच्या मुलीने पेरूची गोष्ट सांग म्हटलं की तो म्हणतो, ती आजीला ठाऊक आहे. मोठी झालीस की तिला विचार.